अकरा मिनिटांत निकाली

आमच्या साहेबांना ऑफिसात पाठीमागे सगळे ‘हिरवळ’ म्हणायचे. त्यांच्या केबिनसमोर भिंतीवर एक भलामोठा पडदा लावला होता. त्यावर शहराचा आणि आसपासच्या वस्त्यांचा नकाशा, आणि प्रत्येक आरोग्य केंद्राच्या जागी एक ठिपका. सगळं ठीक असेल तर ठिपका हिरवा, कुठे एखादा आजार वाढायला लागला की लाल. साहेब सकाळी आले की आधी त्या पडद्यासमोर हात मागे बांधून उभे राहायचे. एखादा ठिपका लाल दिसला तर त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणीतरी नुकत्याच पुसलेल्या लादीवर चिखलाचे पाय उमटवलेत. त्या ठिपक्याखाली माणसं कण्हत असतील हा विचार त्यांना शिवत असेल असं मला कधी वाटलं नाही. मी त्या पडद्याखाली पाच वर्षं बसले आहे, तेव्हा एवढं बोलायचा मला हक्क आहे.

मी तिथली ऑपरेटर. त्याआधी चौदा वर्षं याच ऑफिसात कागदी तक्ते भरत होते. मग ही नवी प्रणाली आली. केंद्रातली नर्स टॅबलेटवर पेशंटचं वय, लक्षणं आणि राहायची जागा भरते. एका वस्तीतून सात दिवसांत एकाच लक्षणाचे पाच पेशंट आले की प्रणाली आपोआप इशारा देते आणि ठिपका लाल होतो. पुढचं काम आमचं. तो इशारा चोवीस तासांत ‘निकाली’ काढायचा, आणि काढताना कारण निवडायचं.

कारणं चारच होती. ‘तपासणी केली, साथ आहे.’ ‘तपासणी केली, साथ नाही.’ ‘दुबार नोंद.’ ‘सरावासाठी केलेली नोंद.’ पहिल्या दोन कारणांना जागेवरचे फोटो, पाण्याच्या नमुन्याचा अहवाल आणि तीन अधिकाऱ्यांच्या सह्या लागायच्या. तिसऱ्याला काहीच लागत नसे. एक बटण दाबलं की ठिपका हिरवा.

सुरुवातीला खरंच दुबार नोंदी यायच्या. नेटवर्क गेलं की नर्स तीच माहिती पुन्हा पाठवायची, एकाचे दोन पेशंट व्हायचे. ते मी काढून टाकायची. पण मुख्यालयाने एक भलतंच सुरू केलं. कोणतं ऑफिस इशारे किती लवकर निकाली काढतं याची दर महिन्याला यादी लावायला लागले. रोग किती लवकर आटोक्यात आला याची नाही. इशारा किती लवकर निकाली निघाला याची. पहिल्या यादीत आम्ही सतरावे होतो. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, “तुम्हाला नाही वाटत, बऱ्याच नोंदी दुबार असतात?”

मला काय वाटायचं होतं? “असतात काही,” मी म्हणाले.

“बऱ्याच असतात,” ते म्हणाले.

वर्षभरात आमचं ऑफिस पहिलं आलं. इशारा आल्यापासून निकाली निघेपर्यंत सरासरी वेळ अकरा मिनिटं. साहेबांना खोटं बोलावं लागलं नाही, कारण बटण मी दाबत होते. माझं बोट, माझा लॉगिन. मी स्वतःची समजूत घालायची, की ताप-खोकला काय, आपोआप जातो. आणि बहुतेक वेळा जातही होता. त्यामुळेच माझी भीड चेपली.

दोरखंडाच्या कारखान्यामागे एक वस्ती आहे, अरुंद गल्ल्यांची. तिथल्या केंद्रात एकच सिस्टर. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, फक्त तिच्या नोंदी ओळखायची. बाकीच्या नर्सा ‘लक्षणे’ या रकान्यात एक शब्द टाकून मोकळ्या व्हायच्या. ही सविस्तर लिहायची. ‘डोळे पिवळे, चार दिवस अन्नावर वासना नाही, घरात आणखी दोघांना.’ तिच्या केंद्राचा ठिपका एका सोमवारी लाल झाला. कावीळ, सहा पेशंट. मी सवयीने दुबार टाकलं. गुरुवारी पुन्हा लाल, नऊ. दुबार. पुढच्या मंगळवारी चौदा.

त्या दिवशी तिचा फोन आला.

“तुम्हीच का त्या दुबारवाल्या बाई?” तिने विचारलं.

“सिस्टर, सिस्टिममध्ये तसं दिसतंय. तुमच्याकडून नोंद दोनदा आली असेल.”

“बरं. माझ्यासमोर बाकावर आत्ता चौदा जण बसलेत, पिवळ्या डोळ्यांचे. यातले दुबार कोण ते सांगा. त्यांना घरी पाठवते, म्हणजे बाकीच्यांना नीट बसता येईल.”

मी म्हणाले, साहेबांशी बोलते. ती म्हणाली, “बोला,” आणि फोन ठेवला. तिचा आवाज चढला असता तर बरं वाटलं असतं. वैतागलेल्या माणसाशी हुज्जत घालता येते.

मी साहेबांकडे गेले. ते एक भाषण वाचून पाहत होते. दहा दिवसांनी मुख्यालयाच्या मोठ्या बाई येणार होत्या, पूर्वेकडच्या सभागृहात कार्यक्रम होता, आणि पहिल्या आलेल्या ऑफिसचा सत्कार. मी चौदा पेशंटचं सांगितलं. त्यांनी कागदावरून नजर न काढता विचारलं, “कावीळ म्हणजे रक्ततपासणी झाली का?”

“तिच्या केंद्रात ती सोय नाही. पण डोळे—”

“मग कावीळ कशावरून? उन्हात बसून डोळे पिवळे होत असतील.” हे त्यांनी गंमत म्हणून म्हटलेलं नव्हतं. हा माणूस डॉक्टर होता, हे मुद्दाम सांगते. “आणि आता लाल ठेवायचं म्हणजे तपासणी, नमुने, सह्या. कार्यक्रम झाल्यावर बघू. त्या सिस्टरच्या नोंदी फार चुकतात असं दिसतंय. तिला प्रशिक्षणाला बोलवा.”

आणि तिला खरंच बोलावलं. विषय होता ‘नोंदींतील चुका कशा टाळाव्यात’. आमच्याच ऑफिसच्या बैठकीच्या खोलीत, सकाळी दहा ते पाच, हजेरी सक्तीची. तिच्या केंद्रात दुसरं कुणी नव्हतं म्हणून तिने दाराला कुलूप लावलं आणि आली. तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं. पन्नाशीची, बुटकी, पायात मळके कॅनव्हासचे बूट. सोबत एक दोनशे पानी वही. साहेब पाच मिनिटांसाठी येऊन गेले तेव्हा तिने ती वही उघडून त्यांच्यासमोर धरली. चोवीस नावं होती एव्हाना, पत्त्यांसकट.

“ही माणसं दुबार नाहीत, साहेब.”

“सिस्टर, पेशंट खोटे आहेत असं कोण म्हणतंय,” साहेब हसून म्हणाले. “नोंद दुबार आहे. दोन्हींत फरक आहे. तोच समजावून घ्यायला तुम्ही आज आलात.” आणि तिच्या खांद्यावर थोपटून गेले. बाकीच्या नर्सा खाली मान घालून टॅबलेटशी चाळा करत होत्या. मी कोपऱ्यात हजेरीचा कागद घेऊन उभी होते. सिस्टरने एकदा माझ्याकडे पाहिलं. रस्त्यात काही सांडलेलं असलं की पाय चुकवण्यापुरतं आपण बघतो ना, तसं.

त्याच दिवशी दुपारी तिच्या केंद्राच्या दारात एक बाई येऊन गेली. दोरखंडाच्या कारखान्यात गुंडाळ्या बांधायचं काम करायची. सातवा महिना, दोन दिवस उलट्या, डोळे पिवळे. सोबत सासू होती. कुलूप बघून दोघी पायरीवर तासभर बसल्या आणि घरी गेल्या. दूषित पाण्याची ही कावीळ एरवी माणसाला महिनाभर झोपवते आणि सोडते, पण गरोदर बाईला ती झपाट्याने नेऊ शकते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काहीबाही बडबडायला लागली, संध्याकाळी शुद्ध हरपली. मोठ्या इस्पितळात तिसऱ्या दिवशी ती गेली. मूल पोटातच गेलं.

हे मला सिस्टरने फोनवर सांगितलं. एकेक गोष्ट तारखेनिशी, अहवाल वाचावा तशी. शेवटी म्हणाली, “तिची नोंद मी आत्ता टाकतेय. तेवढी बटण दाबून काढून टाका. तुमची अकरा मिनिटं चुकायला नकोत.”

ठिपका लाल झाला. मी बसून राहिले. साहेब केबिनच्या काचेतून पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी काचेवर टकटक केली आणि बोटाने नुसतं खुणावलं, दिवा बंद कर म्हणून सांगावं तसं.

मी बटण दाबलं. हे लिहिताना लाज वाटते असं म्हणणं सोपं आहे. त्या वेळी मला लाज वाटली नाही. घरी जाऊन भाजी चिरायला घेतली आणि विळीवरचा हात आपोआप थांबला, एवढंच झालं.

सासरे टेबलाशी बसून चहा पीत होते. त्यांनी उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्हमन म्हणून काढला. पाणी सोडायचं, बंद करायचं, कुठली पाइप कुठून जाते ते डोक्यात ठेवायचं. निवृत्त झाल्यापासून रोज एकच प्रश्न विचारायचे, “आज काय म्हणतोय तुमचा टीव्ही?” त्या पडद्याला ते टीव्हीच म्हणायचे. मी नेहमी “काही नाही” म्हणायची. त्या दिवशी सगळं सांगितलं.

त्यांनी कप खाली ठेवला. “दोरखंडवाल्यांच्या मागे? भिंत आणि लाँड्री यांच्यामधल्या गल्लीत?”

“हो.”

“तिथे पिण्याची लाइन आणि सांडपाण्याची लाइन एकाच चरात टाकलीय. हातभर अंतर नाही मध्ये. मी तेव्हाच ओरडलो होतो, माझं कोण ऐकतंय. पाणी चालू असतं तोवर जोर बाहेर असतो, काही होत नाही. पाणी बंद केलं की पाइप रिकामी होते आणि बाहेरचं आत ओढते. कुठे सांधा गेला असेल तर गटारच पितायत ते.”

“फक्त ती वस्ती?”

“ती लाइन पुढे पूर्वेला जाते. अख्खा पूर्व भाग त्याच पाण्यावर आहे. तुमच्या टीव्हीला सांग, लोकांना पाणी उकळायला सांग म्हणावं. तेवढं तरी येतं का त्याला?”

येत होतं. प्रणालीचं दुसरं अंग तेच होतं, आणि पाच वर्षांत आम्ही ते एकदाही वापरलं नव्हतं. एखाद्या भागातल्या प्रत्येक फोनवर एकाच वेळी संदेश पाठवता यायचा. त्यासाठी साहेबांच्या फोनवर ओटीपी यायचा, तो टाकल्याशिवाय संदेश सुटायचा नाही. म्हणजे जबाबदारी साहेबांची. पण साहेबांना दिवसातून दहा गोष्टींसाठी दहा ओटीपी यायचे, आणि ते मला वाचून दाखवायचे. कशासाठी हे त्यांनी कधी विचारलं नाही. ओटीपीच्या संदेशात आकड्यांच्या वर चांगल्या दोन ओळी लिहिलेल्या असतात. त्या वाचायला डोळे थोडे वर न्यावे लागतात, आणि तेवढे कष्ट त्या माणसाने कधी घेतले नाहीत.

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला होता. ऑफिसातले सगळे नवे कपडे घालून सभागृहात गेले. मला पडद्यापाशी बसवलं होतं, कारण तिथे आमचा नकाशा थेट दाखवायचा होता आणि तो हिरवा राहायला हवा होता. साडेअकराला मी संदेश लिहिला. ‘पूर्व भागातील नळाचे पाणी दूषित असण्याची शक्यता आहे. पाणी चांगले उकळूनच प्या. डोळे किंवा लघवी पिवळी दिसल्यास लगेच आरोग्य केंद्रात जा. गरोदर स्त्रियांनी एक दिवसही थांबू नये.’ चार वेळा वाचला. मग साहेबांना फोन लावला.

“साहेब, एक ओटीपी आला असेल.”

“अहो, माझं नाव पुकारतायत आता,” ते कुजबुजले. “घ्या. चार, सात, सात, शून्य, दोन, नऊ. नकाशा हिरवा आहे ना?”

“हिरवाच आहे.”

मी आकडे टाकले. पडद्यावर आलं, ‘बेचाळीस हजार तीनशे फोनवर संदेश पाठवायचा आहे. खात्री आहे?’ पाच वर्षांत त्या प्रणालीने मला पहिल्यांदाच काहीतरी धड विचारलं होतं. मी ‘हो’ दाबलं.

पुढचं मला आमच्या गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं, तो सभागृहात मागे उभा होता. साहेब बोलायला उभे राहिले, अकरा मिनिटांवर आले, आणि तेवढ्यात दोन-अडीचशे फोन एकदम वाजले. सभागृह पूर्वेलाच होतं. पहिल्या रांगेत बसलेल्या मुख्यालयाच्या बाईंनी चष्मा लावून संदेश वाचला. साहेबांचा फोनही त्यांच्या कोटाच्या खिशात थरथरला. त्यांनी तो काढला, वाचला, आणि ड्रायव्हर म्हणाला, “त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं आता हे खाली बसतात. पण बाई, अर्ध्या मिनिटात सावरलं गड्याने.”

साहेबांनी माइक जवळ ओढला आणि म्हणाले, “पाहा. हेच मी सांगत होतो. आमच्या प्रणालीने आत्ता, तुमच्यासमोर, धोका ओळखून बेचाळीस हजार लोकांना सावध केलंय.” टाळ्या पडल्या. बाईंच्या समोरच्या ग्लासात नळाचंच पाणी होतं. तो त्यांनी बाजूला सरकवला आणि म्हणाल्या, “चला, मला ती जागा दाखवा.”

जागा साहेबांनी जन्मात पाहिलेली नव्हती. ड्रायव्हरने मला फोन केला, मी सासऱ्यांना. ते चप्पल अडकवून रिक्षाने निघाले. वस्तीत पोचले तेव्हा सगळे अधिकारी नाकाला रुमाल लावून गल्लीच्या तोंडाशी उभे होते, आणि सिस्टर आपल्या केंद्राच्या दारात हातात वही घेऊन. पाणीखात्याची माणसं आली. सासऱ्यांनी काठीने भिंतीपासून अंतर मोजलं आणि एका ठिकाणी काठी टेकवली. “इथे खणा.” एक माणूस कमरेइतका खाली गेल्यावर सांधा सापडला. गंजून चाळणी झालेला, आणि त्याच्या शेजारून काळं पाणी वाहत होतं. मोठ्या बाई वाकून बघत होत्या. साहेबही त्यांच्या मागून बघत होते. सासरे म्हणाले, त्या माणसाच्या तोंडावर कुतूहल होतं, जसं एखाद्याला प्राणिसंग्रहालयात असतं.

पूर्व भागात पुढे दोनशेहून जास्त लोकांना कावीळ झाली. ती आधीच पोटात गेलेली होती. पण सांधा बदलल्यावर नवे पेशंट कमी होत गेले आणि सातव्या आठवड्यात थांबले. त्या दिवसांत नऊ गरोदर बायका वेळेवर इस्पितळात पोचल्या. नऊच्या नऊ वाचल्या. हा आकडा सिस्टरच्या वहीतला आहे. आमच्या प्रणालीत गरोदरपणाचा रकानाच नव्हता.

माझ्यावर कारवाई होईल असं मला वाटलं होतं. नाही झाली. होणार कशी? मी परवानगीशिवाय संदेश पाठवला असं लिहायचं तर साहेबांनी तो पाठवला नाही असंही लिहावं लागलं असतं, आणि एव्हाना ते तीन ठिकाणी मुलाखती देऊन आले होते. त्यांची बढती झाली. हीच प्रणाली सगळीकडे बसवायची जबाबदारी त्यांच्याकडे आली. जायच्या आधल्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून एक प्रशस्तिपत्रक पुढे केलं. त्यावर ‘संघभावनेबद्दल’ असं छापलं होतं.

“तुम्ही जे केलंत ते मी मनावर घेतलं नाही,” ते म्हणाले. “पण असं परत करू नका. सगळेच साहेब माझ्यासारखे नसतात.”

“साहेब, एक काम होतं,” मी म्हणाले. “ती गरोदर बाई. तिची नोंद मी दुबार म्हणून काढलीय. ती परत उघडायला तुमची सही लागेल.”

“निकाली निघालेली नोंद उघडत नाही.”

“मुख्यालयातून उघडते. तुम्ही तिथेच चाललाय.”

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. “उघडून काय होणार? अहवाल गेलाय. या साथीत मृत्यू शून्य. वेळीच इशारा दिला म्हणून शून्य. आता तुम्ही एक मृत्यू मागाहून घालणार, मग इशारा वेळीच दिला नव्हता असं होणार. कुणाचं भलं आहे त्यात?”

मी त्या माणसाला पाच वर्षं ‘साहेब’ म्हणत आले होते. त्या क्षणी मला त्यांचा रागसुद्धा आला नाही. रागाला समोर काहीतरी माणूस लागतो. मी म्हणाले, “साहेब, तुम्ही फार छोटे आहात,” आणि प्रशस्तिपत्रक टेबलावरच ठेवून बाहेर आले. बहुधा त्यांना ते उंचीबद्दल वाटलं असावं.

बाहेर येऊन मी त्या बाईची नोंद नव्याने भरून पाहिली. नाव, वय, वस्ती, मृत्यूची तारीख. प्रणालीने घेतली नाही. ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे, ही नोंद दुबार आहे, असं आलं. या वेळी प्रणालीचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

शनिवारी सुट्टी होती. मी दोरखंडाच्या कारखान्यामागे गेले. केंद्र म्हणजे दीड खोली. बाकावर माणसं, भिंतीला टेकून माणसं, आणि आत सिस्टर एकाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघत होती. तिने मला ओळखलं. हातातलं काम थांबवलं नाही.

“मी माफी मागायला आलेय,” मी म्हणाले.

“कोणाची?” तिने विचारलं. “माझी मागून काय करताय. तिची सासू चौथ्या गल्लीत राहते. कालच तिला कुणीतरी सांगितलं, की सरकारी कागदावर तिची सून मेलेलीच नाही. तिने मला विचारलं, म्हणजे ती कुठे आहे मग? आधी तिच्याकडे जा. जे बोलायचं ते तिला बोला, मग इकडे या.”

मी चौथ्या गल्लीत गेले. सासू दारातच बसली होती. मी कोण आहे ते सांगितलं, बटणाचं सांगितलं, काहीही न लपवता. मी थांबल्यावर तिने विचारलं, “तुम्हाला सून आहे?” मी नाही म्हणाले. “बरं आहे,” ती म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मी परत केंद्रावर आले तेव्हा रांग आणखी वाढली होती. सिस्टरने माझ्या तोंडाकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे मान वळवून म्हणाली, “हात धुवून या. त्या आजोबांचं वजन घ्या, आणि आकडा मोठ्याने सांगा, मी लिहिते.”

तेव्हापासून मी दर शनिवारी जाते. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. दुपारी ती चहा करते, कपात ओतते, आणि एकटी पिते.